आक्काच्या बागेचे अँगल

तळघराला आतून सांगाडा कशाचा करायचा, यावर मी जवळजवळ दोन महिने घालवले. मुलीचं लग्न ठरवतानाही एवढा वेळ घेतला नव्हता, असं बायको अजून ऐकवते. खरं म्हणजे प्रश्न साधा होता. आमचा बंगला गंगापूर रोडच्या बाजूला, उतारावर आहे. पुढून पाहिलं तर एकमजली, मागून पाहिलं तर खाली आणखी एक लांबट खोली. ही खोली घर बांधल्यापासून अडगळीची. जुना कूलर, मुलांच्या सायकली, वर्षाच्या कांद्याच्या गोण्या. तिची एक भिंत सगळीच्या सगळी मातीला टेकलेली, त्यामुळे पावसाळ्यात तिच्यावर ओल उतरायची आणि रंगाचे पोपडे गळायचे. निवृत्त झाल्यावर मला वाटलं, इथे आपली बसायची खोली करू. पुस्तकांची कपाटं, एक दिवाण, चार खुर्च्या. मित्र आले की त्यांना रुबाबात खाली घेऊन जायचं.

ओलीच्या भिंतीवर थेट काही लावता येत नाही. आधी भिंतीला ओल अडवणारा लेप द्यायचा. मग तिच्यापासून तीन-चार बोटं अंतर सोडून आत सांगाडा उभा करायचा, त्यावर बोर्ड लावायचे, सांधे भरायचे आणि रंग द्यायचा. पाहणाऱ्याला सपाट, कोरडी भिंत दिसते. आतला सांगाडा एकदा झाकला की तो कशाचा आहे हे कुणालाच कळत नाही. माझं सगळं निभावलं ते याच्याच जोरावर.

मी पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं शिकवलं. कुठला पदार्थ किती भार पेलतो, कुठे वाकतो, कुठे तुटतो, हाच माझा विषय. त्यामुळे आपल्याच घरचं काम म्हटल्यावर मला चेव चढला. जेवणाच्या टेबलावर नमुने मांडले. सुताराने पाइनच्या पट्ट्या आणल्या होत्या. त्या बघताक्षणी मी बाद केल्या, कारण आमच्या भागातली वाळवी कपाटातल्या जुन्या प्रश्नपत्रिकासुद्धा सोडत नाही. सागाचं नाव सुताराने घेतलं आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून स्वतःच मागे घेतलं. ॲल्युमिनियम हलकं, पण मनाला पटेना. राहिली दोन. एक, जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याचे चॅनल. सरळ, हलके, चकचकीत, त्यात स्क्रू सहज घुसतो. दुसरं, आपलं साधं लोखंड. भक्कम, पण जड, वेल्डिंग करावं लागणार आणि रंग नीट दिला नाही तर गंजणार. दोन्हींचे गुणदोष मी वहीत समोरासमोर लिहून काढले. बायकोने चॅनलचा तुकडा उचलला, दोन बोटांत दाबून पाहिला आणि म्हणाली, "हा एवढुसा?" मी तिला वीस मिनिटं समजावलं. तिने चॅनल ठेवला आणि कुकर लावायला गेली.

असं सगळं चाललेलं असतानाच दिवाळी आली आणि भाऊबीजेला आम्ही आक्काकडे गेलो.

आक्का माझी मोठी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचं गाव वणीच्या रस्त्यावर, दिंडोरीच्या पुढे. मेव्हणे गेल्यापासून एक एकराची द्राक्षबाग तिने एकटीने सांभाळली. छाटणी कधी, घड औषधात बुडवायचं डिपिंग कधी, फवारा कुठला, सगळं तिच्या बोटांवर. फवारणीच्या दिवसांत भल्या पहाटे बागेत. व्यापारी बागेत शिरला की तिच्याशी जपून बोलायचा. पण गुडघ्यांनी दगा दिला. मुलगा पुण्याला नोकरीत रमलेला. शेवटी त्या वर्षी माल उतरवल्यावर तिने बाग काढून टाकली. फोनवर मला तिने हे असं सांगितलं, जसं कुणी जुना पलंग काढला म्हणून सांगेल. मीही "बरं झालं" म्हणालो. आम्ही दोघंही फोनवर जास्त बोलणारे नाही.

भाऊबीजेला गेलो तेव्हा घरासमोर रान मोकळं दिसलं. ते मला चमत्कारिक वाटलं. शेडच्या कडेला बागेच्या मांडवाचे लोखंडी अँगल रचून ठेवलेले होते. वेली ज्यांवर चढवतात ते, वर वाय अक्षरासारखे दोन हात असलेले. ओवाळून झालं, जेवणं झाली आणि आक्काने विचारलं, "घराचं काय काढलंय म्हनं?"

मी खूश झालो. तिला सगळं सांगितलं. ओल, लेप, सांगाडा, लाकूड का नको, चॅनल आणि लोखंडात फरक काय. हातवारे करून सांगितलं. ती नीट ऐकत होती. आक्काला कुठलीही गोष्ट कशी बनते हे ऐकायला फार आवडतं. माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा ती लक्ष देऊन ऐकते.

"म्हंजी आत लोखंडच उभं करायचं ना?" तिने विचारलं.

"लोखंड किंवा चॅनल. अजून ठरवतोय."

"मंग ठरवायचं काय त्यात? बाहेर काय पडलंय ते? लय भारी माल हाय. तुझ्या मेव्हण्यानं पारखून घेतला हुता."

मी म्हणालो, अगं ते जड असतात, आणायचे कसे, भोकं असतात त्यांना. ती म्हणाली, आणायचं तू नको बघू, मी पाठवते. आणि मग पदर सावरत, जरा हसत म्हणाली, "माझा आहेर समज."

आमच्याकडे आहेर माहेरून बहिणीकडे जातो. चाळीस वर्षं मी भाऊबीजेला, बारशाला, लग्नाला तिच्याकडे साड्या आणि भांडी नेत आलो. घराच्या कामात बहिणीने भावाला आहेर करायचा अशी काही रीत नाही. तिलाही ते माहीत होतं. म्हणूनच ती पुढे म्हणाली, "दरसाली मीच घेते. एकदा माझ्याकडनंबी जाऊ दे की. बाग तर गेली. तुझ्या घरात तरी उभी ऱ्हाईल."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी "बरं" म्हणालो.

दुसरं काय म्हणायला हवं होतं, हे मला त्या क्षणीही ठाऊक होतं. आक्का, मला ते नको आहेत, एवढंच. ती जरा हिरमुसली असती, दोन वाक्यं सुनावली असती आणि विषय संपला असता. पण ओवाळणीच्या ताटात वात अजून जळत होती, समोर मोकळं झालेलं रान होतं, आणि मोठ्या बहिणीच्या आहेराला नाही म्हणणारा भाऊ मला आमच्या सात गावांत माहीत नाही. मनात म्हटलं, ती विसरून जाईल.

ती कसली विसरते. दीड महिन्याने सकाळी सकाळी पिकअप दारात उभी राहिली.

ड्रायव्हरने अँगल उतरवले. साठेक असतील. आक्काने सरळ बघून निवडून काढलेले. वरचे हात गॅसकटरने कापून टाकलेले. त्याआधी फोनवर ती म्हणालीच होती की भिंतीत हात कशाला पाहिजेत. सगळ्यांना लाल ऑक्साइडचा रंग दिलेला. पण लोखंड शेवटी बागेतलं. जागोजाग तारा ओवायची भोकं. पायाशी काँक्रीट फोडून काढल्याचे चरे. भोकांच्या कडांना कुठे कुठे मोरचुदाचा निळसर डाग राहिला होता. वर्षानुवर्षांच्या फवाऱ्याचा. आमच्या फाटकाशी ते रचले गेले तेव्हा शेजारचे गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन थांबले आणि म्हणाले, "काय सर, बंगल्यात द्राक्षं लावताय की काय?"

साधी थट्टा होती. मीही हसलो. पण ती मला लागली. मला एकदम त्यांच्या घरातलं इंटिरिअर आठवलं, आणि माझ्या मित्रांपुढे आपण काय काय बोललो होतो तेही आठवलं.

काम करणारा मिस्त्री फॅब्रिकेशनवाला, अनुभवी माणूस. अँगल माझ्या बहिणीच्या बागेतले आहेत, हे मी त्याला सांगितलं. त्याने एक अँगल उचलला, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिलं, हातोडीने ठोकून आवाज ऐकला. म्हणाला, "सर, माल एक नंबर आहे. हल्ली एवढ्या जाडीचा येत नाही. अर्धा फूट कमी पडतोय तो जोडून देतो. बोर्डाचे स्क्रू याच्यात घुसणार नाहीत, पण आडव्या पातळ पट्ट्या मारल्या की झालं. काम चार दिवस जास्त, बस."

म्हणजे होण्यासारखं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होतो की ते होण्यासारखं नव्हतं. मी मिस्त्रीला सांगितलं की जुन्या लोखंडाचा भरवसा नाही, भोकांपाशी ते कमजोर होतं, ओलीच्या भिंतीजवळ नको. तीस वर्षं शिकवलेली सगळी भाषा मी त्या माणसापुढे वापरली. तो निमूटपणे ऐकत होता. भोकांचा मुद्दा खोटा आहे हे मला कळत होतं, आणि मला वाटतं त्यालाही कळत होतं. नुसते बोर्ड तोलायचे होते, पूल बांधायचा नव्हता. खरं कारण वेगळं होतं. ते अँगल गावाकडचे दिसत होते. मी त्याच गावाकडचा, त्याच मातीत वाढलेला, आणि मला माझ्या नव्या खोलीत ते नको होते, कुणाला दिसणार नव्हते तरीही. याची मला आज सगळ्यांत जास्त लाज वाटते. खोटं बोललो त्याची नंतर.

चॅनल आले. चकचकीत, एकसारखे, प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेले. मिस्त्रीने तीन दिवसांत चारी भिंतींना सांगाडा उभा केला. मी खाली जाऊन त्याचे फोटो काढले आणि मित्रांना पाठवले. आक्काला पाठवले नाहीत.

बायको म्हणाली, "अहो, निदान फोन करून सांगा त्यांना. नाही बसले म्हणावं. त्या समजून घेतील."

"सांगतो."

चार दिवसांनी पुन्हा म्हणाली, "तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते."

मी तिच्यावर खेकसलो. माझी बहीण आहे, माझं मी बघतो, असं काहीतरी बोललो. ती गप्प बसली. तिला गप्प बसवून मी तिलाही माझ्या खोट्यात सामील करून घेतलं. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आक्काचा दर आठवड्याला फोन. "आले का कामाला?" मी म्हणायचो, चाललंय. "बसतेत का नीट?" मी म्हणायचो, मिस्त्री बघतोय. असं अर्धवट बोलून मी पंधरा दिवस काढले. मग एक दिवस तिने सरळच विचारलं, "लावले का रे?" आणि मी म्हणालो, "लावले."

 पलीकडून ती म्हणाली, "चांगलं झालं." तिच्या आवाजात एवढं समाधान होतं की फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

खोली तयार झाल्यावर बायकोने तिथे सत्यनारायण करायचं ठरवलं. नातेवाईक येणार, आक्का येणार. आणि अँगल अजून मागच्या भिंतीशी, प्लास्टिकच्या कागदाखाली पडून. मी दोन दिवस नुसता विचार करत राहिलो. ओळखीचं कुणी नेईल का, कुणाच्या शेतावर ठेवता येतील का. पण ओळखीच्या माणसाला सांगायचं म्हणजे का ते सांगावं लागणार. पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी भंगारवाला रस्त्याने ओरडत चालला होता. मी त्याला आत बोलावलं.

तो म्हणाला, काटा आणतो. मी म्हणालो, काट्याचं राहू दे, घेऊन जा. त्याने माझ्याकडे पाहिलं, अँगलकडे पाहिलं आणि विचारलं, "चोरीचा माल नाही ना साहेब?"

मी नाही म्हणालो. पण बोलताना माझी नजर फाटकाकडे होती, कुणी बघत नाही ना म्हणून. त्याने काय समजायचं ते समजलं असेल. दोन खेपांत त्याने सगळे नेले. मी झाडू घेऊन खाली सांडलेले रंगाचे लाल कपचे झाडले आणि वरून पाणी मारलं.

पूजेला आक्का सकाळीच आली. नवी साडी, हातात नारळ. पहिल्यांदा चहासुद्धा घेतला नाही, "आधी दाव" म्हणाली. पायऱ्यांना मी तिचा हात धरला. खाली आल्यावर ती खोलीच्या मधोमध उभी राहून चारी भिंती बघत राहिली. मऊ पांढरा रंग, कोपऱ्यात दिवे. मग जवळच्या भिंतीपाशी गेली आणि तळहात टेकवला.

"कुठल्या ओळीतले कुठं आले आसतील कोनास ठावं," ती म्हणाली. "घासाया दोन बाया लावल्या हुत्या मी. पन त्या नुसतं वरवर करीत. रंगाखाली गंज ऱ्हायला तर तुझी भिंत खराब व्हायची. मंग मीच बसले. महिनाभर रोज दुपारचं, बारदान टाकून. तारेच्या ब्रशानं एकेक घासला, मंग रंग दिला."

तिला जमिनीवर बसता येत नाही. बसली तर उठायला माणूस लागतो. हे मला तेव्हा आठवलं. बायको पूजेचं ताट घेऊन उतरत होती, ती तिथेच पायरीवर थांबली. मी आक्काला काहीतरी म्हणालो, बस ना, गुडघे दुखतील. बायको खाली आली तशी आक्काने ताटातलं हळद-कुंकू घेतलं आणि भिंतीला दोन बोटं लावली.

दिवसभर ती आलेल्या प्रत्येकाला सांगत होती. माझ्या मामेभावाला, त्याच्या बायकोला, शेजाऱ्यांना. त्या दुधाच्या पिशवीवाल्या गृहस्थांनासुद्धा. ते म्हणाले, "अच्छा, ते अँगल होय," आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्यांनी भंगारवाल्याला जाताना पाहिलं होतं की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी प्रसाद वाटत फिरत होतो. कुणी खोलीची तारीफ केली की मी पुढच्या माणसाकडे वळायचो. आक्का संध्याकाळी निघाली तेव्हा म्हणाली, "आता मला बाग गेल्याचं काय वाटत नाय." मी तिला वाकून नमस्कार केला. तिने डोक्यावर हात ठेवला. तो हात मला नको होता, आणि तिथून पळूनही जाता येत नव्हतं.

त्यानंतर मी खाली कमी जायला लागलो. कुंकवाची बोटं भिंतीवर होती. बायकोने ती पुसली नाहीत, मीही पुसायला सांगितली नाहीत.

पहिला पावसाळा नीट गेला. दुसऱ्या पावसाळ्यात मातीकडच्या भिंतीचा लेप कुठेतरी फुटला आणि बोर्ड खालून फुगले. हात लावला तर भिजल्या बिस्किटासारखे तुकडे हातात येत. मिस्त्रीला बोलावलं. तो म्हणाला, त्या बाजूचा खालचा दोन-दोन फूट भाग कापून काढावा लागेल, मागची भिंत वाळवून पुन्हा लेप द्यावा लागेल. ऑगस्टमध्ये एक आठवडा उघडीप मिळाली तेव्हा त्याने काम धरलं.

नेमक्या त्याच आठवड्यात आक्का आमच्याकडे मुक्कामाला होती. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरत होतं, तपासण्यांसाठी रोज दवाखान्यात न्यावं लागे. मी मिस्त्रीला पुढच्या आठवड्यात ये म्हणून दोनदा फोन केला. तो म्हणाला, पाऊस धरला तर मग दिवाळीपर्यंत थांबा. बायको म्हणाली, "येऊ द्या त्याला." एवढंच म्हणाली.

खाली कटरचा आवाज सुरू झाला तशी आक्का वरच्या खोलीत सावरून बसली. "भित्ताड उघडलं का? मला बघायचेत."

"आक्का, धूळ आहे खूप. आणि पायऱ्या तुला झेपणार नाहीत. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डाक्तर काय सांगतोय. एकदाच उतरते."

मी फळांचा रस आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. खरं म्हणजे काय करावं ते सुचत नव्हतं. तेव्हाच तिला सगळं सांगून टाकायला हवं होतं. पाच मिनिटं हातात होती. ती मी संत्री सोलण्यात घालवली. बाहेर आलो तर ती खोलीत नव्हती. जिन्यात पाहिलं. ती एकेक पायरी बसून, सरकत सरकत खाली उतरत होती, साडी गुडघ्यांशी गोळा करून. शेवटच्या चार पायऱ्या राहिल्या होत्या. मी मागे धावलो, हात दिला, आणि आम्ही दोघं मिळून खाली पोचलो.

भिंतीचा खालचा पट्टा उघडा पडला होता. आत चॅनल रांगेने उभे होते, पांढरट, पातळ, खालच्या टोकांना गंज धरलेला. आक्का स्टुलावर बसली आणि वाकून पाहायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग हात पुढे करून एक चॅनल दोन बोटांत धरला. तो किंचित वाकला. तिने हात मागे घेतला.

मिस्त्री मास्क खाली करून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पडलेल्या बोर्डाच्या तुकड्यांकडे पाहत राहिलो. मग तोच म्हणाला, "मावशी, तुमचे अँगल त्या समोरच्या बाजूला टाकलेत. इकडे ओल होती ना, म्हणून इकडे चॅनल घेतले."

त्या माणसाचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. त्याने तर ते अँगल लावायची तयारी दाखवली होती. आणि तो आता माझ्यासाठी, माझ्या घरात, माझ्या बहिणीशी खोटं बोलत होता, कारण मी तोंड मिटून उभा होतो.

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. मग समोरच्या भिंतीकडे. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. "हां," ती म्हणाली. "ओलीला हेच बरं." जरा वेळाने म्हणाली, "मला वर घेऊन चल."

जिना चढायला आम्हाला बराच वेळ लागला. तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता. प्रत्येक पायरीला मला वाटत होतं की आता बोलावं, आणि प्रत्येक पायरीला मी फक्त "सावकाश" म्हणत होतो. तिला पलंगावर बसवलं. बायको पाणी घेऊन आली. आक्का पाणी प्यायली, तपासणीचे कागद नीट पिशवीत ठेव म्हणाली आणि आडवी झाली. मला तेवढ्यानेही हायसं वाटलं. तिला कळलं नसेल, मिस्त्रीने वेळ मारून नेली, असं मी स्वतःला समजावू लागलो. माणूस किती निर्लज्ज होऊ शकतो, ते मी त्या दुपारी स्वतःपुरतं तरी पाहिलं.

चारच्या सुमारास तिचा फोन वाजला. मी बाहेर हॉलमध्ये पेपर घेऊन बसलो होतो, दार उघडंच होतं. फोन तिच्या शेजारणीचा होता. तिचा मळा आक्काच्या बांधाला लागून. त्यांनीही या वर्षी बाग काढली होती, हे मला आक्कानेच सांगितलं होतं. आक्काला कमी ऐकू येतं म्हणून ती फोन स्पीकरवर लावते. शेजारीण विचारत होती, माझा भाऊ सटाण्याला घर बांधतोय, त्यालाही आपले अँगल पाठवावेत म्हणते, तुमच्या भावाकडे कसे काय बसले?

मी पेपर खाली ठेवला.

"चांगले बसले," आक्का म्हणाली. "आज भित्ताड उघडलं हुतं. मी डोळ्यानं पाह्यले. जसेच्या तसे हायेत."

आयुष्यात मी आक्काला खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. व्यापाऱ्याशी नाही, आमच्या वडिलांशी नाही. ती ते अगदी सहज बोलली, आवाजही हलला नाही.

"मंग मीबी धाडते," शेजारीण म्हणाली.

"धाड," आक्का म्हणाली. मग थांबली. "पन आधी त्याला ईचार बाई, पाहिजेत का म्हनून. परत परत ईचार. भावाला नाय म्हनता येत नाय. आपून मोठ्या म्हनून देऊन मोकळ्या होतो, आन त्याच्या जिवाला घोर लागतो. माझ्या भावाला मी ईचारलंच नव्हतं."

मी उठून दारापर्यंत गेलो. ती पाठमोरी बसली होती, फोन तोंडासमोर धरून, दुसऱ्या हाताने गुडघा चोळत. मी उंबऱ्याशी उभा राहिलो आणि तिने फोन ठेवायच्या आत मागे फिरलो.